डाव्या हातात धरलेलं वाक्य

व्याकरण म्हटलं की माझ्या मैत्रिणींना घाम फुटायचा आणि मला भूक लागायची. खोटं नाही सांगत. प्रधानवाक्य कुठलं, गौणवाक्य कुठलं, क्रियापदाला कुठला प्रत्यय लागलाय, हे फळ्यावर सोडवायला मी अशी धावायचे की बाई म्हणायच्या, "अगं, खडू खाशील!" पुढे मी स्वतःच चिंचवडच्या एका प्राथमिक शाळेत शिकवायला लागले, तरी ती भूक काही गेली नाही. पण हे प्रत्यय, ही वाक्यं एक दिवस आपल्याच घरी, थेरगावात, चुलीपुढे बसून नव्यानं घडवावी लागतील, असं कुणी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं.

माझ्या धाकट्या बहिणीला ऐकू यायचं नाही. पाच वर्षांची असताना मोठा ताप आला, त्यात कान गेले, आणि कान गेल्यावर हळूहळू बोलणंही गेलं. मी तिला अक्षरं शिकवली होती, थोडंफार वाचायची. पण लिहून बोलायचं म्हणजे किती बोलणार? ऐन भांडण रंगात आलेलं असताना पाटी शोधत कोण बसणार? आणि आमची तर दिवसातून दहा भांडणं. ती हट्टी, मी तापट, घर दीड खोल्यांचं.

म्हणून आम्ही हातांनी बोलायचो. हे हात आले होते आप्पांकडून, म्हणजे आमच्या वडिलांकडून.

आप्पा पिंपरीच्या एका कंपनीत प्रेस शॉपमध्ये कामाला होते. तिथे पत्रा कापणाऱ्या मोठमोठ्या प्रेस दिवसभर धडाधड आदळायच्या. कानाशी तोंड नेऊन ओरडलं तरी शब्द पोचायचा नाही, म्हणून तिथल्या माणसांनी आपल्या सोयीच्या खुणा करून ठेवल्या होत्या. मूठ मिटली की थांब. तळहात वर नेला की उचल. दोन बोटं ओठांना लावली की चहा. गळ्यापाशी गाठ मारल्यासारखं केलं की साहेब आला, सावध व्हा! ही सवय आप्पांच्या अंगात इतकी मुरली होती की जेवतानाही ते तोंड उघडायचे नाहीत. मूठ मिटायचे, की आईनं वाढणं थांबवायचं. आई करवादायची, "मी काय तुमची प्रेस आहे का हो?" पण धाकटी आप्पांच्या हातांकडे अशी टक लावून बसायची की तिच्या ताटातलं निवून जायचं.

पण या खुणांमध्ये एक मोठी गोम होती. शॉपमध्ये हुकूम सोडायला त्या पुरेशा होत्या, गप्पा मारायला मुळीच नाही. दे, घे, थांब, उचल, पळ. प्रेस शॉपला काल नव्हता आणि उद्याही नव्हता, सगळं आत्ताच्या आत्ता.

हे मला कळलं ते एका कुत्र्यामुळे. धाकटी एकदा मागच्या दारातून धावत आली आणि हात नाचवत म्हणाली: कुत्रा, खाणं, भाकरी. मी लाटणं घेऊन बाहेर पळाले. कुत्रा नाही! परत आले तर पुन्हा तेच: कुत्रा, खाणं, भाकरी. मी पुन्हा पळाले, पार नदीच्या उतारापर्यंत गेले. शेजारच्या काकू विचारतायत, "काय गं, कुणाला मारायला निघालीस?" शेवटी समजलं की कुत्र्यानं भाकरी खाल्ली होती ती काल! आज ते तिला आठवलं होतं आणि नव्यानं राग आला होता. मी कपाळावर हात मारून घेतला, आणि तसाच कपाळावर हात असताना माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. अगं बाई, हिच्या क्रियापदाला प्रत्ययच नाही!

त्याच दिवशी आम्ही बसलो. क्रियापदाची खूण केली की लगेच मागे एक छोटी खूण जोडायची. आम्ही त्याला शेपूट म्हणायला लागलो. अंगठा खांद्यावरून मागे टाकला की झालं, होऊन गेलं. तळहात पुढे ढकलला की होणार आहे. बोट ताक घुसळल्यासारखं गोल फिरवलं की नेहमी, रोजचं. धाकटीनं ही तीन शेपटं घेतली आणि संध्याकाळपर्यंत नुसता धुमाकूळ घातला. आई काल रडली. मांजर नेहमी दूध पितं. तू उद्या मार खाशील. मला हसू आवरेना. अकरा वर्षं या पोरीच्या पोटात केवढं बोलणं साठलं होतं, आणि आम्ही तिला नुसतं दे आणि घे म्हणत होतो.

पुढची दोन शेपटं तिनं काढली, आणि ती मला जन्मात सुचली नसती. डोळ्याखाली बोट टेकवलं की हे मी स्वतः पाहिलं. गालावर टिचकी मारली की हे मला कुणीतरी सांगितलं. मी म्हटलं, याची काय गरज? मराठीत आपण क्रियापदाला असलं काही लावत नाही. तिनं माझ्याकडे नुसतं रोखून पाहिलं. खरंच की! तिला सगळी बातमी उशिरा आणि अर्धवट मिळायची, तीही कुणी सांगितली तरच. स्वतः पाहिलेलं तेवढंच तिचं पक्कं. मी वर्गात मुलांना काळ आणि अर्थ शिकवायचे, पण ही बाब माझ्या डोक्यात कधी आली नव्हती. त्या रात्री मला आनंदानं झोप लागेना.

हे सगळं जोरात चाललेलं असताना माझं लग्न ठरलं.

मुलगा नगरचा, शिक्षकच. मला पसंत होता, रडण्यासारखं काही नव्हतं. मार्गशीर्षातला मुहूर्त. पण सुपारी फुटली त्या क्षणापासून माझ्या छातीवर एक धोंडा बसला. आईला धाकटीचे हात निम्मेच कळायचे, तिला कामातून मान वर करायला वेळ नसायचा. आप्पा शिफ्टवर. मी गेले की ही बोलणार कुणाशी? एवढी भाषा हिच्या हातात देऊन मी हिला एकटी ठेवून जाणार? यापेक्षा दे आणि घेच बरं होतं, असंही एकदा मनात आलं, आणि स्वतःचाच संताप आला.

आणि आमची भाषा अजून अर्धी होती! शेपटं झाली, पण वाक्यात वाक्य बसेना. जर, तर, म्हणून, जेव्हा, जो. मी प्रत्येकाला एकेक खूण दिली, धाकटीला पाठ करायला लावली, पण तिचा नुसता गोंधळ व्हायचा. दुसरं वाक्य येईपर्यंत पहिलं विरून जायचं. मग ती वैतागून माझा हात झटकायची आणि मी तिच्या नावानं खडे फोडत आईकडे जायचे. आई म्हणायची, "अगं, भाषा करताय का घर बांधताय?"

एका सकाळी धाकटी भाकऱ्या थापत होती, मी निखारे सारत होते. तिला सांगायचं होतं की आई आली तर तव्यावरची भाकरी तू लगेच उलटव, करपलेली दिसली की ती ओरडेल, आणि माझे हात पिठाचे आहेत. तिनं डाव्या हातानं "आई येणं" ही खूण केली आणि तो हात तसाच हवेत धरून ठेवला. खाली घेतलाच नाही! पिठानं भरलेला तो हात तसाच अधांतरी, आणि उजव्या हातानं म्हणाली: उलटव. मग डावा हात खाली आणला.

मी जोरात किंचाळले. सांगून ठेवते, अशी किंचाळी मी माझ्या निकालाच्या दिवशीही मारली नव्हती. गौणवाक्य डाव्या हातात धरायचं! जोवर ते वर आहे तोवर ते विरत नाही, दिसत राहतं, आणि उजवा हात निवांतपणे प्रधानवाक्य बोलतो! मी तिला मिठी मारली, दोघी पिठानं पांढऱ्या झालो, भाकरी जळून कोळसा झाली, आई धावत आली आणि म्हणाली, "दोघींनाही वेड लागलंय, आता त्या नगरवाल्यांना काय सांगू मी!"

दुपारपर्यंत बाकीचं आपोआप सुचत गेलं. डावा हात सरळ खाली सोडला तर "तर". छातीशी ओढून घेतला तर "म्हणून". झटकून टाकला तर "तरी". आणि वाक्यं तीन झाली तर? माणसाला हात दोनच! त्यावरही धाकटीनं तोडगा काढला. तिनं माझं मनगट पकडलं, माझ्या हाताकडून खूण करून घेतली आणि "धर" म्हणून बजावलं. तिसरं वाक्य मी धरायचं. ती बोलणार आणि मी खांबासारखी हात वर करून उभी! कधीकधी माझा खांदा भरून यायचा, पण वाक्य संपेपर्यंत हात खाली घ्यायची सोय नव्हती.

संध्याकाळी पायरीवर बसलो होतो. तिनं डाव्या हातात धरलं: तू जाणार. उजव्या हातानं म्हणाली: मी बोलणार कुणाशी? आणि डावा हात खालीच सोडेना. माझ्या तोंडाकडे बघत तसाच धरून बसली.  मीच रडायला लागले.

आप्पा नुकतेच सायकल लावून आत येत होते. त्यांनी ते पाहिलं. तिच्यासमोर उकिडवे बसले आणि हातानं म्हणाले: माझं शॉप. माणसं खूप. सगळे असेच बोलतात. धाकटीनं डोळे मोठे केले आणि विचारलं, नेहमी? आप्पांनी बोट गोल फिरवून शेपूट लावलं: नेहमी.

खंडेनवमी आठवड्यावर आली होती. त्या दिवशी कंपनीत यंत्रांची पूजा असते आणि कामगारांच्या घरच्यांना आत येऊ देतात. एरवी गेटच्या आत आम्हाला कोण सोडणार? धाकटीनं तो आठवडा नुसता सरावात घालवला. तिनं शॉपमधल्या माणसांना विचारायचा एक प्रश्न तयार केला, तीन वाक्यांचा, आणि काही केल्या तो मला सांगेना. वेणीला रिबन, ठेवणीतली ओढणी, सगळं आदल्या दिवशीच काढून ठेवलं.

आम्ही शॉपमध्ये शिरलो. प्रेसना झेंडूचे हार, हळदकुंकू, उसाची कांडकी, उदबत्त्यांचा धूर. आप्पा अभिमानानं आपल्या प्रेससमोर उभे. आणि मग मी सगळ्या शॉपभर नजर फिरवली. तुमच्या आलं असेल लक्षात, आमच्या चौघांच्याही डोक्यात मात्र आधी आलं नव्हतं. खंडेनवमीला यंत्रं बंद असतात! वर्षातला तो एकच दिवस शॉपमध्ये शांतता असते. आणि ती सगळी माणसं, वर्षभर हातानं बोलणारी, आज मिळालेल्या शांततेत तोंड भरभरून बोलत होती. हसत होती, एकमेकांना हाका मारत होती, हात खिशात घालून!

धाकटी एकेकाच्या तोंडाकडे पाहत राहिली. मग आप्पांकडे वळली. बोट गोल फिरवलं, गालावर टिचकी मारली. नेहमी, असं मला सांगितलं होतंस. आप्पांचा चेहरा मला अजून दिसतो. त्यांनी दोघातिघांना खुणावून पाहिलं, पण ती माणसं लाजली. पोरीबाळींसमोर उगीच हातवारे करायचे म्हणजे त्यांना कसंतरीच वाटत होतं. "काय रे, बोल की तोंडानं!" असं कुणीतरी म्हणालंही. माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. मी तिथेच काहीतरी बोलून बसले असते, पण धाकटीनं माझा हात दाबला. तिनं आप्पांना विचारलं, ही तोंडं मिटतात कधी?

आप्पांनी प्रेसकडे बोट दाखवलं. हे चालतं तेव्हा.

मग चालव, ती म्हणाली.

आप्पांनी मूठ मिटली. आज नाही. आज पूजा आहे.

शेजारच्या प्रेसवर रहाटणीचे एक काका होते, आप्पांपेक्षा वयानं मोठे. त्यांची मुलगीही आली होती, धाकटीच्याच वयाची, आणि ती मघापासून धाकटीच्या हातांवरून नजर हलवत नव्हती. काकांनी मला विचारलं, "काय म्हनतीय गं ती?" मी रागारागानं सगळं सांगून टाकलं. ती इथं का आली, काय ठरवून आली, मी मार्गशीर्षात जाणार, सगळं. काकांनी डोकं खाजवलं. प्रेसकडे पाहिलं, हाराकडे पाहिलं.

"मशीनला हात लावायचा न्हाई, खरं हाय," ते म्हणाले. "पर हवेला कुटं हार घातलाय?"

प्रत्येक प्रेसजवळ हवेचा एक रबरी पाइप असायचा, पत्र्याचे बारीक तुकडे उडवायला. सकाळी यंत्रं पुसताना कॉम्प्रेसर चालवला होता, टाकी भरलेली होती. काकांनी आपला पाइप सोडला. फस्स्स! त्यांनी पुढच्याला ओरडून सांगितलं, त्यानं त्याच्या पुढच्याला, आणि बघता बघता सगळ्या शॉपभर पाइप सुटले. अहो, काय तो आवाज! कानात काही शिरेना. हारांतल्या झेंडूच्या पाकळ्या उडून छताला लागल्या, आईनं पदर दातात धरला, कुणीतरी पेढ्यांच्या खोक्यावर आडवं पडलं.

आणि तोंडं मिटली. वर्षानुवर्षांची सवय ती, आवाज झाला की हात खिशातून बाहेर. चहा? उचल पेढा. साहेब कुठे? ही कुणाची मुलगी?

धाकटीला तो आवाज कुठला ऐकू येणार? तिनं एवढंच पाहिलं की पाकळ्या उडाल्या, सगळी तोंडं एकदम बंद झाली आणि शॉपभर हात वर आले.  मग तिनं आप्पांच्या छातीवर हात ठेवून सांगितलं, यांची. पेढा खाल्ला, अंगठा खांद्यावरून मागे. लोकांना शेपटं कळेनात, तर ती शिकवायला लागली! तोंडानं "अरे वा" म्हणायची सोय नव्हती, म्हणून माणसं मान डोलवत होती, चुकत होती, हसत होती. काकांची मुलगी सगळ्यात आधी शिकली.

मग धाकटीनं आपला तीन वाक्यांचा प्रश्न काढला. डाव्या हातात धरलं, जे आप्पा घरी गप्प बसतात. तिसरा हात हवा होता. मी पुढे झाले, पण तोवर तिनं काकांच्या मुलीचं मनगट पकडलं होतं आणि तिच्या हातात दिलं होतं, ते इथे आल्यावर. आणि उजव्या हातानं विचारलं, काय बोलतात?

सगळा शॉप हसला. आप्पा पार कानापर्यंत लाल. काकांनी पाइप काखेत धरला, धाकटीकडे बोट दाखवलं आणि नुकतंच शिकलेलं शेपूट लावलं. बोट गोल, गोल, गोल. तुझ्याबद्दल. नेहमी.

टाकीतली हवा कधी संपली ते त्या माणसांना कळलंच नाही. पाइप गपगार पडले होते, शॉपमध्ये शांतता होती, आणि हात चालूच होते. मला कळलं, कारण आईचा हुंदका ऐकू आला.

मार्गशीर्षात माझं लग्न झालं. नगरला मला कुणी हातानं बोलणारं भेटलं नाही, आणि मी रोज रात्री धाकटीच्या काळजीनं झुरले. नवरा म्हणायचा, "गुढीपाडव्याला जाऊन ये, नाहीतर मलाच शेपटं शिकवायला लागशील."

पाडव्याला चार दिवस माहेरी आले. दारातूनच पाहिलं तर पायरीवर धाकटी आणि काकांची मुलगी बसलेल्या, आणि हात असे चाललेले की मला पत्ता लागेना. शेजारच्या दोन पोरीही मधे मधे हात घालत होत्या. मी बसले. धाकटी काहीतरी म्हणाली आणि क्रियापदामागे मनगट हलकेच झटकलं. हे काय? हे शेपूट तर आपलं नव्हतं! मी विचारलं. काकांची मुलगी हसून म्हणाली, "ते उगाच, ताई. म्हणजे काही कारण नसताना सहज केलं, असं. मी काढलंय."

मला असा राग आला! मला न विचारता? माझ्या भाषेत? मी चांगली तणतणले, हातानंही आणि तोंडानंही. मी तिकडे जीव टांगणीला लावून बसले आणि इथे यांनी नवं व्याकरण काढलं! धाकटीनं माझं सगळं संपू दिलं. मग तिनं हात पुसले आणि सुरुवात केली.

डाव्या हातात धरलं, काकांनी हवा सोडली. तिसरा हात हवा म्हणून मागे नजरही न टाकता हात पुढे केला, तर काकांच्या मुलीचं मनगट आधीच तयार. तिच्या हातात दिलं, ही रोज येते. मी माझा हात मांडीवर ठेवून बसले होते. धाकटी थांबली. माझा हात तिनं मांडीवरून उचलला, मला खूण करायला लावली, तू गेलीस, आणि "धर" म्हणून बजावलं. चार वाक्यांचं वाक्य! आम्ही दोघीच होतो तेव्हा आमची गाडी तीन वाक्यांपुढे कधी गेलीच नव्हती.

मग तिनं आपला डावा हात छातीशी ओढला, मैत्रिणीचाही ओढला. म्हणून. माझा झटकला. तरी. आणि उजव्या हातानं सावकाश म्हणाली, मला करमतं. डोळ्याखाली बोट टेकवलं. कुणी सांगितलेलं नाही, मी स्वतः पाहिलंय.

झटकलेला हात मी पुन्हा वर धरून रडत होते. वाक्य संपलं, हात खाली घे, असं तिला मला दोनदा सांगावं लागलं.